सुट्टीतल्या कोऱ्या स्लाइड

अक्का, आज सकाळी तुमच्या काप घ्यायच्या यंत्रावर, मायक्रोटोमवर, मी बसले. हसू नका. दुसरं कुणी नव्हतं आणि एका पेशंटचा तुकडा खोळंबला होता. मेणाचा ब्लॉक बर्फावरून उचलला, यंत्रात बसवला, चाक फिरवलं. पहिला काप चुरगळला, दुसरा फाटला, तिसरा पात्याला चिकटून बसला. मग आठवलं की काप घेण्याआधी तुम्ही ब्लॉकवर तोंडाची हलकी वाफ सोडायचात. मी सोडली, तर पुढचा काप आणखीच जाड आला. सातव्या खेपेला एक काप कसाबसा कोमट पाण्यावर तरंगला, तोही कोपऱ्यात दुमडलेला. मी जिभेच्या कॅन्सरवर प्रबंध लिहिलेली डॉक्टर, वर्गात उभी राहून मुलांना शिकवते, आणि जिभेचा एक धड काप मला घेता येत नाही. तुम्ही असतात तर मला उठवून म्हणाला असतात, "व्हा बाजूला मॅडम. तुमी वाचायचं काम करा, कापायचं आमच्याकडं ठिवा."

हे वाक्य खरं तर माझं. मी ते तुम्हाला एकदा उलट्या बाजूनं ऐकवलं होतं, फार वाईट आवाजात. तुम्ही नंतर ते माझ्यावरच थट्टेत वापरायला लागलात, म्हणून मी समजून घेतलं की तुम्ही विसरलात. तुम्ही काही विसरत नव्हता, हे मला माहीत असायला हवं होतं.

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले. कॉलेजात शोकसभा झाली. सगळे छान बोलले. कुणी म्हणालं, अक्का फार शांत होत्या. मला तिथंच हसू आलं. शांत! तुकडे मेणात मुरवणारा टिश्यू प्रोसेसर मध्येच बंद पडला की तुम्ही त्याला तेलुगूत जे काही ऐकवायचात, ते कळत नसूनही आम्ही कानांवर हात ठेवायचो. माझी पाळी आली तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं, ते तुमच्याशीच बोलायचं होतं.

तुम्ही या कॉलेजात बाटल्या धुवायला लागलात. तेलुगू शाळेत दहावी झालेली बाई, काप घेणाऱ्या जुन्या टेक्निशियनच्या मागं उभं राहून बघत बघत शिकली आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्टुलावर बसली. घरी आई विड्या वळायची. "आईनं जल्मभर तंबाकू पानात भरली, आन मी तिनं काय केलं ते कापून बगते," असं तुम्ही एकदा म्हणालात आणि लगेच दुसऱ्या कामाला लागलात. मी माझ्या गावाहून, करकंबहून, शिकायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातातली स्लाइडची काच काढून घेऊन तुम्ही सांगितलंत, "पेननी लिवायचं न्हाय हितं. पेन धुऊन जातं. पेन्सिलच." रागात असलात की मी तुमची मॅडम, आणि खुशीत असलात की अम्मा. दिवस कसा जाणार ते मला तुमच्या पहिल्या हाकेवरून कळायचं.

माझ्या प्रबंधाचा विषय तुम्हाला समजावून सांगताना मी एक सबंध दुपार घालवली होती. प्रत्येक पेशीत काही जनुकं अशी असतात की ती पेशीला वाढायला अडवतात. त्यातलं एक पीटेन. त्याचं प्रथिन पेशीत शाबूत असेल तर आपल्या रंगाच्या चाचणीत पेशी तपकिरी दिसते. ते हरवलं असेल तर पेशी कोरी राहते. जिभेवर नुसता पांढरा चट्टा असलेली माणसं आणि जिभेचा कॅन्सर झालेली माणसं, दोघांचे तुकडे घ्यायचे आणि बघायचं की हे जनुक कुठल्या पायरीला गप्प होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे घरात एक 'पुरे आता' म्हननारं मानूस असतंय. ते हाय का गेलं, एवढंच बगायचं ना?" मी एवढ्या वर्षांत विद्यार्थ्यांना याहून सोपं काही सांगू शकलेले नाही. तुमचंच वाक्य सांगते, आणि आता तुमचं नाव घेऊन सांगते.

निकाल लागला तो इतका सुंदर होता की मी नाचायची बाकी होते. चट्ट्यांचे बहुतेक काप तपकिरी, कॅन्सरचे बहुतेक काप कोरे. 'पुरे' म्हणणारा चट्ट्यात होता आणि कॅन्सरमध्ये गेला होता, पुस्तकात लिहावं तसं. गाइड सरांनी पाठ थोपटली. प्रबंध द्यायला महिना राहिला होता. मी घरी फोन करून सांगूनही टाकलं.

आणि तुम्ही हातमोजे काढत माझ्या टेबलाशी आलात. "मॅडम, ह्या कोऱ्या स्लाइडमदी ती रक्ताची नळी बगा की."

"काय बघू?"

"ती पन कोरीच हाय. तिला पन कॅन्सर झालाय व्हय?"

मला त्या क्षणी कळायला हवं होतं. रक्तवाहिनीची भिंत निरोगी असते, तिच्यात पीटेन असतंच, ती तपकिरी यायलाच हवी. ती कोरी आली याचा अर्थ चाचणी त्या कापावर चाललीच नव्हती. पहिल्या वर्षाच्या मुलाला मी यावर नापास केलं असतं. पण मी प्रबंध द्यायच्या महिनाभर आधीच पेढे वाटून बसलेली बाई, मला रक्तवाहिनी दिसलीच नाही, मला दिसला तो तुमचा आगाऊपणा. मी म्हणाले, "अक्का, तुम्ही कापायचं काम करा. वाचायचं आमच्याकडे ठेवा." खोलीत आणखी दोघं होते, त्यांनी माना खाली घातल्या. तुम्ही "बरं मॅडम" म्हणालात आणि गेलात. पुढचे दोन दिवस मला अम्मा ही हाक ऐकू आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी एकटी असताना चोरासारखी एक कोरी स्लाइड भिंगाखाली घातली. रक्तवाहिनी कोरी. दुसरी घातली. कोरी. मग कपाटातून ब्लॉक काढले आणि बघितलं तर काही ब्लॉकच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक एक ठिपका. कोऱ्या आलेल्या जवळजवळ प्रत्येक ब्लॉकवर ठिपका, तपकिरी आलेल्यांवर नाही. मी तुमच्याकडे आले, मान वर न करता ठिपके कसले म्हणून विचारलं.

"ज्ये ब्लॉक कापताना कडक लागत्यात, दगडावानी, त्याला मी ठिपका देते. पाती खात्यात ते. परत आले तर कळावं म्हनून."

"कडक कशानं होतात?"

"फॉर्मालिनमदी लई दिस राहिल्यावर. हे तुमच्या सुट्टीतले हायत मॅडम. दिवाळीचे आन गड्ड्याचे."

सुट्टी लागण्याआधी सर्जन मंडळी ऑपरेशनची यादी उरकून टाकतात, त्यामुळे कॅन्सरचे तुकडे दिवाळीच्या आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या तोंडावर ढिगानं यायचे. रिपोर्टसाठीचा तुकडा तुम्ही वेळेत काढायचात. अभ्यासासाठीचा तुकडा माझा, तो कुजू नये म्हणून फॉर्मालिन भरलेल्या माझ्या बरणीत. मी बरण्यांवर झाकणं लावून "आल्यावर बघते" म्हणत करकंबला जायची आणि चकल्या खाऊन दोन आठवड्यांनी परत यायची. तेवढ्या दिवसांत फॉर्मालिननं ते प्रथिन असं जखडून टाकलं होतं की रंग त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. माझा सुंदर निकाल म्हणजे माझी सुट्टी होती. जनुक कुठं गेलं हे मी शोधलं नव्हतं, मी कधी गावाला गेले एवढंच त्या स्लाइडांनी सांगितलं होतं.

मी तिथंच स्टुलावर बसून रडले. तुम्ही पाणी दिलंत आणि जे बोललात ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. "मी कुनाला बोलनार न्हाय. तुमी तसंच देऊन टाकलं तरी मला काय त्रास न्हाय. पन परत कापायचं असंल तर सगळं मी कापून देते. तुमी ठरवा." तुम्ही मला अडवलं नाहीत. तुम्ही मला घाबरवलं नाहीत. मला खरंच वाटतं अक्का, की तुम्ही "चूक आहे, सुधारा" असं दटावलं असतंत तर मी हट्टानं तसाच प्रबंध देऊन मोकळी झाले असते. माझा स्वभाव तुम्हाला माझ्या आईपेक्षा जास्त कळला होता.

मग ते कुकरचे दिवस. जखडलेलं प्रथिन मोकळं करायला काप द्रावणात घालून कुकरमध्ये उकळायचे असतात. नेहमीचा वेळ पुरत नव्हता. आपण वाढवत गेलो. वेळ कमी पडला की काप कोरा, जास्त झाला की काप काचेवरून सुटून द्रावणात पोहायला लागायचा. तुम्ही प्रत्येक खेपेचा वेळ पेन्सिलीनं काचेवरच लिहायचात. शेवटी नेमका वेळ सापडला तो तुम्हाला, कारण माझं तोवर दोनदा "जाऊ दे" म्हणून झालं होतं. रक्तवाहिन्या तपकिरी आल्या तेव्हा तुम्ही भिंगातून बघून एवढंच म्हणालात, "आली की गं अम्मा." प्रबंध सहा महिने उशिरा गेला. निकाल पहिल्यासारखा देखणा राहिला नाही. बरेचसे कॅन्सर तपकिरीच निघाले. थोडे खरे कोरे राहिले, रक्तवाहिनी तपकिरी आणि बाजूच्या पेशी कोऱ्या.

त्या खऱ्या कोऱ्यांत एक चट्टा होता. नुसता चट्टा, रिपोर्टात किरकोळ बदल एवढंच लिहिलेलं. वळसंगकडचे मेंढपाळ बाबा, त्यांचं नाव इथं लिहीत नाही. यात्रेतल्या जनावरांच्या बाजाराला आले होते, तिखट लागलं की जीभ चरचरते म्हणून दाखवायला आले आणि तुकडा देऊन गेले. पहिल्या खेपेला एवढे काप कोरे आले होते तेव्हा त्यांची स्लाइडही त्या ढिगात बिनमहत्त्वाची पडून होती. आता ती वेगळी दिसली. एका स्लाइडवरून कुणाला कॅन्सर म्हणता येत नाही, पण त्यांना बोलावून पुन्हा नीट बघावं एवढं तरी म्हणता येत होतं. बोलावलं. चट्ट्याच्या मागच्या कडेला दुसरा तुकडा घेतला आणि त्यात सुरुवातीचा कॅन्सर निघाला.

बाबांची भीती वेगळीच होती. "जीब कापली तर मेंढरास्नी हाक कशी मारू वं? ती माज्या तोंडाला वळकत्यात." जिभेच्या कडेचा लहानसा भाग काढावा लागला, बाकी जीभ राहिली. दोन महिन्यांनी ते तपासणीला आले आणि कॉरिडॉरमध्येच म्हणाले, बघू जमतंय का. आणि त्यांनी हाक मारली. आधी एक लांब हुर्र, मग टाळ्याला जीभ लावून चार-पाच टकटक आवाज. ओपीडीतली रांग वळून बघायला लागली. तुम्ही कधी लॅबच्या बाहेर यायचा नाहीत, पेशंट बघायचा नाहीत, तुमच्याकडे माणसं नंबर होऊन यायची. त्या दिवशी हातमोज्यांसकट बाहेर आलात. मला हळूच विचारलंत, "ह्यांचाच का तो?" मी मान हलवली. तुम्ही बाबांना मेंढरं किती म्हणून विचारलंत, त्यांनी सांगितलं, तुम्ही "बरं हाय" म्हणालात आणि आत गेलात. त्या दिवशी प्रोसेसर दोनदा अडकला आणि तुम्ही त्याला एकही शिवी दिली नाहीत. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला. ते मी बोलले नाही. आपल्याकडे तोंडावर असं बोलायची पद्धत नाही म्हणून नाही, मला लाज वाटत होती म्हणून. "वाचायचं आमच्याकडे ठेवा" म्हटल्याची माफी मी मागितली नव्हती, आणि माफी न मागता कौतुक कसं करायचं ते मला जमेना.

प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव घातलं. सातव्या ओळीत, टायपिंगवाल्याच्या आधी. छापून आल्यावर मी ते पान तुम्हाला दाखवलं, तुम्ही नावावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "चांगलं हाय." त्या 'चांगलं हाय'ची आठवण आली की आजही मला स्वतःचा राग येतो.

म्हणून या वर्षी, त्याच माणसांच्या पुढच्या काही वर्षांच्या पाठपुराव्यावर शोधनिबंध लिहिला तेव्हा मी ठरवलं की दुसरं नाव तुमचं. विभागप्रमुख म्हणाले टेक्निशियनचं नाव लेखकांत घालत नाहीत. मी त्यांच्याशी आठवडाभर भांडले आणि जिंकले. आणि मग तुम्हीच नाही म्हणालात!

"मला विंग्रजी वाचता येत न्हाय. न वाचता सही कशी करू?"

"अहो अक्का, मी सांगते ना त्यात काय आहे."

"सांगू नका. वाचा. पुरं वाचा. पुरं ऐकल्यावर बगू."

असा आपला वाद पडला आणि तुम्ही जिंकलात. रोज जेवणानंतर, काप वाळत ठेवले की, मी एक परिच्छेद मराठीत वाचायची. तुम्ही शेंगाचटणीचा डबा झाकत ऐकायचात आणि मध्येच विचारायचात, "ह्ये 'काही रुग्णांत' म्हंजे किती? आकडा का लिवला न्हाय?" दोन ठिकाणी आकडे मी तुमच्यामुळे घातले. एक सबंध वाक्य तुम्ही "ह्ये आपन केलंच न्हाय" म्हणून काढायला लावलंत, आणि ते खरंच आपण केलं नव्हतं, इतरांच्या निबंधांत असतं म्हणून मी लिहिलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. मी वाचन लांबवत होते. आज मीटिंग आहे, उद्या परीक्षा आहे, असं करत. कारण पुढचा भाग पद्धतीचा होता, तुकडे कसे ठेवले, कसे रंगवले, आणि त्यात सुट्टीचा उल्लेखच नव्हता. कुकरचा नेमका वेळ होता, तो का शोधावा लागला ते नव्हतं. मी सफाईनं गाळलं होतं. कुणाच्या लक्षात येणार नव्हतं, फक्त तुमच्या येणार होतं. तुम्ही डबा झाकता झाकता विचारलं असतंत, "आन ती दिवाळी कुटं गेली?" त्या प्रश्नाला मी भीत होते. तुम्ही नोकरीतल्या सगळ्यांत खालच्या खुर्चीवर, आणि मी तुम्हाला भीत होते. मग एका सोमवारी तुम्ही आलाच नाहीत. दुपारी कळलं.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या घरी आले. लेखक हयात नसेल तर घरच्यांची संमती लागते, तो कागद घेऊन. तुमचे यजमान नरसय्यामामा दारातच बसले होते, शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा आवाज येत होता. मामा मागावरच्या कामातून निवृत्त झाले तरी त्या आवाजातच बसतात, असं तुम्ही सांगितलं होतं. मी कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, "तिनं व्हय म्हनली का?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही मामा. म्हणाल्या होत्या, पुरं ऐकल्यावर बघू. पुरं झालं नाही."

"किती ऱ्हायलं?"

"दोन पानं."

"मग वाचा की. मी ऐकतो."

मी कागद परत पर्समध्ये घातला. म्हटलं, मामा, त्या दोन पानांत एक गोष्ट लिहायची राहिलीय, लिहून आणते. त्यांनी चहा पाजला.

लिहिलं, अक्का. विभागप्रमुख म्हणाले, स्वतःची चूक स्वतःच्या पेपरात कोण छापतं, परीक्षक फेटाळतील. मी म्हटलं, फेटाळू देत. काल संमतीचा कागद घेऊन पुन्हा मामांकडे गेले आणि दोन्ही पानं वाचली, तुमच्यासाठी वाचायची तशीच, थांबत थांबत. मधला तो भाग असा आहे: "अभ्यासासाठीचे काही तुकडे पहिल्या लेखिकेने सुट्टीवर जाताना फॉर्मालिनमध्ये ठेवून दिले. ते कोरे आले. त्यावरून तिने जनुक हरवल्याचा निष्कर्ष काढला. तो चुकीचा आहे, हे दुसऱ्या लेखिकेने रक्तवाहिन्या पाहून दाखवून दिले. पहिल्या लेखिकेने प्रथम ते मानले नाही."

मामांनी विचारलं, "दुसरी म्हंजे कोन?"

मी तुमच्या नावावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी ते त्या अक्षरांवर वाकले. मग म्हणाले, "तेवढं परत एकदा वाचा." मी परत वाचलं. मग त्यांनी पेन मागितलं.